पाणमांजर आणि मच्छीमार: नुकसान कसं आवरायचं, काठ कसा राखायचा

खाडीत कांडाळी, म्हणजे पाण्यात उभी ताणलेली जाळी, टाकणाऱ्याला किंवा शेततळ्यात कटला-रोहू पाळणाऱ्याला पाणमांजराचं नाव काढून बघा, पहिलं वाक्य शिवीचं असतं. चहा येईपर्यंत तोच माणूस आईमागून रांगेने पोहणाऱ्या पिल्लांचं वर्णन रंगवून सांगत असतो. दोन्ही खरं आहे. हा लेख मुख्यतः त्या शिवीबद्दल आहे, कारण ती मिटली नाही तर पिल्लांचं कौतुक फार काळ टिकत नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड आणि गोव्यातल्या खाड्या-नद्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. घाटावरच्या धरणांना आणि तळ्यांनाही बरंचसं लागू पडेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पाणमांजर हाकलण्यावर केलेला खर्च जवळपास नेहमी वाया जातो. कळपाची स्वतःची हद्द असते आणि ती मोठी असते. चंबळ नदीत रेडिओ-कॉलर लावून केलेल्या अभ्यासात पिल्लंवाली मादी सुमारे ५.५ किलोमीटर आणि नर सुमारे १७ किलोमीटर नदी वापरताना दिसला. म्हणजे तुमचं जाळं त्यांच्या रोजच्या वाटेवरचा एक थांबा आहे. फटाके लावून आज गेलेला कळप चार दिवसांनी त्याच वाटेने परत येतो. बदलता येतात त्या दोनच गोष्टी: आपलं जाळं कुठे आणि किती वेळ राहतं, आणि काठाचा कुठला तुकडा आपण त्यांच्यासाठी सोडतो.

आधी जनावर कोणतं ते ठरवा

भारतात पाणमांजराच्या तीन जाती आहेत. आपल्या खाड्या, मोठ्या नद्या आणि धरणांत दिसतं ते बहुतेक वेळा स्मूथ-कोटेड, म्हणजे गुळगुळीत केसांचं पाणमांजर: सात ते अकरा किलो वजन, शेपटी टोकाकडे चपटी, आणि सहसा कळपात. लहान नखांचं पाणमांजर आकाराने बरंच छोटं, डोंगरातल्या ओढ्यांचं, खेकड्यांवर जगणारं. तिसरं, युरेशियन, आपल्याकडे क्वचित. गावात ऊद, हूद अशी नावं चालतात. कौलावर फिरणारं उदमांजर मात्र वेगळं, त्याचा तुमच्या मासळीशी संबंध नाही. मुंगसाचाही गोंधळ होतो, कारण तेही खेकडे खातं आणि बांधावर फिरतं.

प्रत्यक्ष जनावर दिसण्याची वाट बघू नका. जिथे माणसांची वर्दळ जास्त, तिथे ते दिवसाचं रात्रीवर जातं आणि वर्षभर शेजारी राहूनही दिसत नाही. खुणा शोधा. सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे विष्ठा. कळप ठरलेल्या उंचवट्यावर येऊन विष्ठा टाकतो: मोठा खडक, बांधाचं टोक, जुनी जेटी, दोन ओहोळ मिळतात तिथला वाळूचा पट्टा. ताजी असेल तर काळपट, बुळबुळीत, आणि मासळीच्या टोपलीचा वास मारणारी. वाळली की राखाडी-पांढरी होऊन भुगा होते. काडीने फोडून बघा, हाताने नको. आत खवले चमकतात, बारीक काटे आणि मणके असतात, मध्येच खेकड्याच्या कवचाचा तांबूस तुकडा. फळांच्या बिया किंवा केस जास्त निघाले तर ते पाणमांजर नव्हे. कांदळवनात कोल्हाही खेकडे खातो आणि त्याच्या विष्ठेतही कवच सापडतं, पण त्यात बहुधा केस आणि बिया मिसळलेल्या असतात आणि तो कुबट मासळीवास नसतो.

चिखलात ठसा मिळाला तर बोटं मोजा. कुत्रा, कोल्हा, मांजर या सगळ्यांची चार बोटं उमटतात. पाणमांजराची पाच, आणि ओल्या गाळात बोटांमधला पडदाही उमटतो.

खाडीत एक अडचण असते. भरती दिवसातून दोनदा येऊन ठसे आणि विष्ठा पुसून नेते. म्हणून भरतीच्या रेषेच्या वर शोधा, आणि फेरी ओहोटी लागल्यावर सकाळी करा.

काठाचा नकाशा

कागदावर नदीची किंवा खाडीची रेघ काढा. उपग्रह नकाशाची छापील प्रत मिळाली तर उत्तम. दोन माणसं दोन काठांनी चाला, किंवा होडीने जा, आणि चार गोष्टी टिपा: विष्ठेच्या जागा, बिळं किंवा मुळांखालच्या कपारी, वाळूत लोळून अंग कोरडं केल्याच्या जागा, मासा खाऊन उरलेलं जिथे पडलं आहे त्या जागा. दुसऱ्या रंगाने आपल्या गोष्टी टिपा: कांडाळी कुठे लागतात, तळी कुठे, कपडे धुण्याचा घाट कुठे, वाळू उपसा कुठे, मोकाट कुत्री कुठे जमतात.

हे दोन रंग एकमेकांवर कुठे पडतात ते बघितलं की निम्मं काम झालं. माझ्या अनुभवात बहुतेक तक्रारी सगळ्या नदीतून येत नाहीत, दोन-तीन ठिकाणांहून येतात. कोकणातल्या नद्यांत ते ठिकाण बहुधा कोंड, म्हणजे नदीतला खोल डोह, असतं. पावसाळा सरला की पाणी आटत जातं, एप्रिल-मेमध्ये वाहती नदी तुटून कोंडांची माळ होते. मासे त्यात, पाणमांजरं त्यात, आणि माणसंही त्यातच. हिवाळ्यात जे चार किलोमीटरवर पसरलेलं असतं ते उन्हाळ्यात शंभर पावलांत येतं. त्यामुळे नकाशा एकदाच काढून चालत नाही. नवरात्राच्या सुमारास एक, जानेवारीत एक, एप्रिलअखेर एक, अशा तीन फेऱ्या कराच.

नकाशा गावात आणि वनखात्याकडे राहू द्या. बिळाचं अचूक ठिकाण व्हॉट्सॲपवर फिरवू नका. फोटो काढणाऱ्यांची झुंबड आणि पिल्लं विकणारे, दोघंही तिथूनच वाट काढतात.

नुकसानीची वही

हा टप्पा लोकांना कंटाळवाणा वाटतो आणि म्हणूनच तो सुटतो. तरीही यावर मी अडून बसतो, कारण वहीशिवाय जो उपाय कराल तो अंदाजपंचे. महिनाभर रोजची एक ओळ: तारीख, जागा, जाळं कधी टाकलं, कधी काढलं, किती मासळी मिळाली, किती भोकं, भोक कसं. जाळं धड निघालं त्या दिवसाचीही ओळ हवी. फक्त फाटलेल्या जाळ्यांची नोंद केली की दर रात्री पाणमांजर येतं असं वाटायला लागतं.

भोक कसं, हे नीट बघायला शिका. जाळं फाटलं की नाव पाणमांजराचंच निघतं, पण जाळं फाडणारे बरेच आहेत. केंड मासा चोचीसारख्या दातांनी धागा कात्रीने कापल्यासारखा तोडतो. छोटी छोटी स्वच्छ भोकं ओळीने दिसली तर बहुधा तोच. खेकडा अडकलेल्या माशाचा मऊ भाग कुरतडतो आणि स्वतःही गुंतून बसतो, आसपासचं जाळं गुंताळा होतं. वाशिष्ठीसारख्या मगरी असलेल्या पाण्यात मोठा फाटा पडतो, कधी कधी दोरासकट. पाणमांजर अडकलेला मासा ओढून काढतं, त्यामुळे माशाच्या जागी तळहाताएवढं ताणून फाटलेलं भोक असतं, कडेचे धागे लांब लोंबतात, आणि पुष्कळदा माशाचं डोकं किंवा कल्ल्याचा तुकडा जाळ्याच्या आसात (चौकोनात) तसाच राहतो. फोटो काढताना शेजारी काडेपेटी ठेवा म्हणजे मोजमाप कळतं.

किती खातं याचाही हिशेब मांडा. मोठं जनावर दिवसाला साधारण एक किलो खातं. सहाचा कळप म्हणजे सहा किलो, पण ते सगळे तुमच्या कांडाळीतले नव्हेत. निवटी, खेकडे, बेडूक, खाडीत माजलेला तिलापिया, ज्याला बाजारात कोणी हात लावत नाही असा बारीकसारीक मासा, हेही त्यातच आलं. खरं नुकसान बरेचदा मासळीपेक्षा जाळ्याचं असतं: दोन बांगडे गेले त्याचं फार काही नाही, पण दुरुस्तीला गेलेला अर्धा दिवस आणि दुखलेले हात हिशेबात कोणी धरत नाही. वहीत दुरुस्तीचा वेळही लिहा. पुढे वनखात्याशी किंवा मत्स्यव्यवसाय विभागाशी बोलताना तोच आकडा उपयोगी पडतो.

जाळ्यासाठी काय करायचं

कांडाळ पाण्यात जितका वेळ एकटं राहतं, तितकं ते वाढून ठेवलेलं ताट होतं. म्हणून पहिला आणि सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे वेळ कमी करणं. संध्याकाळी टाकून पहाटे उचलण्याऐवजी टाका, थांबा, दोन-तीन तासांनी उचला. हे बोलायला सोपं आणि करायला अवघड आहे, झोप मोडते, डिझेल जास्त जातं. म्हणून रोज नको, वहीत ज्या जागी आणि ज्या दिवसांत नुकसान जास्त दिसलं तिथेच करा. बाकीच्या जागी जुनी सवय राहू द्या.

दुसरं, विष्ठेच्या जागेसमोर आणि बिळाच्या तोंडाशी जाळं नको. मासा तिथेच जास्त मिळतो हे मला ठाऊक आहे. पाणमांजरालाही ठाऊक आहे, म्हणूनच ते तिथे राहतं. तेवढा तुकडा मच्छीमार संस्थेने आपसांत ठरवून मोकळा सोडला तर कोणा एकट्याचं नुकसान होत नाही. एकाने सोडला आणि दुसऱ्याने तिथेच टाकला, असं झालं की दुसऱ्या वर्षी कोणीच ऐकत नाही.

तिसरं, होडी लावतो तिथे टाकाऊ मासळी आणि आतडी पाण्यात फेकणं बंद करा. होडीच्या आवाजामागे खाणं येतं हे कळपाने एकदा शिकलं की ते विसरवता येत नाही.

स्थिर जाळी आणि सापळ्यांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे मासळीच्या नुकसानीपेक्षा जनावराचा जीव जाण्याचा धोका मोठा असतो. बोक्षीत (प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात) किंवा खेकड्याच्या पिंजऱ्यात शिरलेलं पाणमांजर काही मिनिटांत गुदमरतं. ब्रिटनमध्ये ईल पकडण्याच्या फनेलजाळ्यांच्या तोंडाला पाणमांजर आत शिरणार नाही अशी चौकट लावणं बंधनकारक आहे. इथेही तीच युक्ती चालते: प्रौढ जनावराचं डोकं शिरणार नाही एवढ्या चौकोनांची कडक तारेची जाळी तोंडाला बसवा. मासळी आत येते, खेकडाही येतो.

टाकून दिलेली, तुटलेली जाळी पाण्यातून काढा. ती कोणाच्याच कामाची नसतात आणि वर्षानुवर्षं मारत राहतात.

बुजगावणं, लुकलुकणारे दिवे, रेडिओ, डबे वाजवणं: दोन-चार रात्री उपयोग होतो, मग कळप सरावतो. पैसे वाचवा.

तळ्यासाठी काय करायचं

तळ्याला कुंपण हा एकच खात्रीचा उपाय, आणि अर्धं कुंपण म्हणजे कुंपण नाहीच. ओढ्याच्या बाजूने भक्कम जाळी लावली आणि रस्त्याची बाजू उघडी ठेवली, तर पाणमांजर रस्त्याच्या बाजूने येतं. पैसे कमी असतील तर मोठ्या तळ्याच्या दोन बाजू घेण्यापेक्षा बोटुकलीचं, म्हणजे बोटभर पिल्लांचं, छोटं तळं पुरतं घ्या. तिथे एका रात्रीत होणारं नुकसान सगळ्यांत महाग असतं. तळं उपसताना पाणी उतरून मासे एका कोपऱ्यात दाटतात, तोही धोक्याचा काळ. उपसा एका दिवसात आटपेल असाच धरा, अर्ध्यावर ठेवून रात्र काढू नका.

जाळी दोन इंची चेनलिंक किंवा त्याहून बारीक. उंची किमान चार फूट, वरचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला कलता. खाली फूटभर जमिनीत गाडायची. जांभा लागला आणि खोदता येत नसेल तर जाळीचा पदर बाहेरच्या बाजूला जमिनीवर दोन फूट अंथरून दगडांनी दाबायचा, कारण पाणमांजर कुंपणाच्या पायथ्याशीच उकरतं. पाणी आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या नळांना जाळी हवी. फाटकाखालची फट बघायची. सिंगापुरात नद्या स्वच्छ झाल्यावर पाणमांजरं शहरात परतली आणि बंगल्यांच्या कोई माशांच्या हौदांवर डल्ला मारू लागली. तिथेही लोकांना फटी बुजवणं आणि हौदाला जाळी लावणं हेच सांगितलं जातं.

विजेचं कुंपण करायचंच असेल तर फक्त झटका देणारं सोलर यंत्र, ठरावीक अंतराने क्षणभर प्रवाह सोडणारं. घरातल्या लाइनवरून तार जोडू नका. त्याने पाणमांजर मरेल, गुरं मरतील, शेजाऱ्याचा पोरगा मरेल, आणि गुन्हा तुमच्यावर लागेल.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पडलेलं जनावर निसरड्या उतारावरून वर येऊ शकत नाही. एका कोपऱ्यात जाड काथ्याचं जाळं किंवा दोराची शिडी कायमची सोडून ठेवा. कुत्रं, साप, माणूस, सगळ्यांनाच ती लागते. धरणातल्या पिंजरा पद्धतीच्या मत्स्यपालनात मूळ जाळ्याबाहेर थोडं अंतर ठेवून दुसरं जाड जाळं लावा, म्हणजे दात माशापर्यंत पोचत नाहीत.

भरपाईवर विसंबून बसू नका. वन्यप्राण्यांमुळे पिकाच्या आणि गुराढोरांच्या नुकसानीची प्रकरणं होतात, मासळीचं प्रकरण पुढे नेणं फार कष्टाचं. तरीही अर्ज करा, वहीची प्रत जोडा. अर्ज साचले तरच विषय वर जातो.

खाजण आणि बांध

गोव्यातल्या खाजणांत, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल जमिनींत, विशेषतः मांडवीच्या मुखाकडे चोडण बेटाभोवती, पाणमांजर आणि माणूस अगदी एकाच बांधावर राहतात. मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, भरतीचं पाणी आत येतं, मासळी येते, आणि मानशीवर मासे पकडण्याच्या हक्काचा लिलाव होतो. लिलावात पैसे ओतलेला माणूस पाणमांजराकडे प्रेमाने बघेल ही अपेक्षाच चुकीची. मानशीच्या जाळ्याला वरचे उपाय लागू पडतात. पण बांधाचं काम जास्त महत्त्वाचं. बांध फुटतो त्याचं खापर पाणमांजराच्या बिळावर फोडलं जातं. बांध पोखरतात ते मुख्यतः खेकडे, आणि देखभाल न होणं हे त्याहून मोठं कारण. बांधाची डागडुजी कोरड्या दिवसांत होते, नेमकी त्याच सुमारास पिल्लं बिळात असतात. गर्भकाळ सुमारे दोन महिने, आणि भारतात पिल्लं बहुधा हिवाळ्याच्या आसपास जन्मतात. जेसीबी लावण्याआधी तो तुकडा चालून बघा. ताजी विष्ठा आणि वापरातलं बीळ दिसलं तर ते टोक शेवटी घ्या, बाकीचं काम आधी.

काठ राखणं

काठावर झाडोरा नसला तर पिल्लांना लपायला जागा नाही, आणि लपायला जागा नसली की कळप तळ्यांच्या बांधावर, मानशीखाली, घराजवळच्या दगडी भिंतीत आसरा शोधतो. भांडण वाढतं ते असं. नकाशातल्या बिळांच्या तुकड्यावर करंज, उंबर, जांभूळ, केवड्याचं बन, खाडीत चिपी आणि तिवर तसंच राहू द्या. उन्हाळ्यात काठ जाळू नका. वाळू उपसा आणि पूर संरक्षक भिंत यांचे प्रस्ताव ग्रामपंचायतीत येतात तेव्हाच बोलायचं, काम सुरू झाल्यावर नव्हे. भिंत टाळता येत नसेल तर सलग काँक्रीटऐवजी दगडांची रचना आणि मध्ये उतार मागा.

जिलेटीनचे बार, ब्लीचिंग पावडर, बॅटरीचा शॉक यांनी मासे मारणारी माणसं प्रत्येक नदीला ठाऊक असतात. कोंडातलं एक पोतं ब्लीचिंग वर्षभराची मासळी संपवतं. उपाशी कळप मग तुमच्या तळ्यावर येतो. पाणमांजराचा त्रास कमी करायचा असेल तर या मंडळींना आवरणं हा कुंपणाहून मोठा उपाय आहे, आणि तो करताना गावातले संबंध बिघडतात हेही खरं. एकट्याने अंगावर घेऊ नका, संस्थेच्या नावाने लिहा.

मोकाट कुत्री पिल्लं मारतात आणि डिस्टेंपरसारखे रोग आणतात. काठावरची मासळी-कोंबडीची घाण उचलली की कुत्र्यांचा जमाव आपोआप कमी होतो.

कागदावर दोन वाटा आहेत. जैवविविधता कायदा, २००२ खाली गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. लोक जैवविविधता नोंदवहीत पाणमांजराचा काठ नकाशासह नोंदवून घ्या. उद्या प्रकल्प आला तर तो कागद दाखवता येतो. दुसरी वाट मोठी: सरकारी जमिनीवर संवर्धन राखीव क्षेत्र. शेजारच्या कर्नाटकात तुंगभद्रेचा सुमारे ३४ किलोमीटरचा पट्टा २०१५ मध्ये पाणमांजरांसाठी राखीव झाला. आपल्याकडे सिंधुदुर्गातलं तिलारी २०२० मध्ये संवर्धन राखीव झालं. घोषणा झाली म्हणजे जिलेटीनचे बार थांबले असं नव्हे, पण वनरक्षकाला अधिकाराने उभं राहता येतं.

जाळ्यात, विहिरीत किंवा एकटं पिल्लू सापडलं तर

महाराष्ट्रात वनखात्याचा टोल-फ्री क्रमांक १९२६ आहे. आधी फोन, मग बाकीचं. विहिरीत पडलेल्यासाठी गर्दी आणि कुत्री हटवा, दोराला बांधलेली रुंद फळी किंवा क्रेट खाली सोडा, म्हणजे ते टेकून राहील. स्वतः उतरू नका, चावा हाडापर्यंत जातो. जाळ्यात जिवंत अडकलेल्यावर जाड गोणपाट टाकून जाळं कापा, जनावर ओढू नका. एकटं दिसलेलं पिल्लू बहुतेक वेळा सोडून दिलेलं नसतं; आई पिल्लं एकेक करून हलवते. दूर जाऊन थांबा, घरी आणू नका. पाळणं तर गुन्हाच आहे: वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाणमांजर पहिल्या अनुसूचीत आहे, शिक्षा ३ ते ७ वर्षांची. स्मूथ-कोटेड आणि लहान नखांच्या पाणमांजराचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१९ पासून बंद आहे.

मेलेलं पाणमांजर जाळ्यात सापडलं की कायद्याच्या भीतीने लोक ते गुपचूप पुरतात. भीती निराधार नाही, म्हणून एकटे जाऊ नका: संस्थेच्या अध्यक्षाला बोलवा, जाळ्यासकट फोटो काढा, वनरक्षकाला बोलावून पंचनामा करून घ्या. अशा दोन-तीन घटना एकाच जागी झाल्या तर तिथलं जाळं बदलायचंय हे त्या कागदांवरूनच कळतं.

वर्षाचं वेळापत्रक

पावसाळ्यात खुणा वाहून जातात, फेऱ्या बंद ठेवा. कुंपणाची दुरुस्ती आणि जाळ्याच्या तोंडाच्या चौकटी मात्र याच काळात तयार करा. नारळी पौर्णिमेनंतर मासेमारी जोरात सुरू होण्याआधी संस्थेची एक बैठक घ्या आणि मागच्या वर्षीची वही तिथे उघडा. कुठला तुकडा सोडायचा, कोण कोणत्या जागी वेळ कमी करणार, हे तिथे नावानिशी लिहा. डिसेंबर ते मार्च बांधावर यंत्र लावण्याआधी पाहणी. एप्रिल-मेमध्ये कोंडांवर लक्ष, कारण ब्लीचिंगवाले तेव्हाच येतात. मेचा शेवटचा बुधवार जगभर पाणमांजर दिन म्हणून पाळतात. शाळा तेव्हा बंद असतात, त्यामुळे मुलांचा कार्यक्रम त्या दिवशी ठेवू नका, जानेवारीतल्या फेरीलाच मुलांना सोबत घ्या आणि विष्ठा काडीने फोडायला त्यांनाच द्या.